झाकणाचं जुनं खिशातलं घड्याळ: या चुका टाळा

आजोबांच्या पेटीतून असं घड्याळ निघालं की घरातला प्रत्येकजण झाकण उघडून ‘टक्’ करून मिटवून बघतो. नेमकं तेच करू नका. या झाकणवाल्या घड्याळाला हंटर म्हणतात. झाकण खटक्यात अडकतं, वरची गुंडी दाबली की खटका मागे सरतो. मिटवतानाही गुंडी दाबूनच धरायची आणि झाकण टेकलं की सोडायची. नाहीतर सोन्याचांदीची मऊ कड खटक्यावर घासून झिजते.

आत स्प्रिंगा दोन असतात: एक झाकण उचलणारी, दुसरी खटक्याची. गुंडी दाबूनही झाकण वर उडत नसेल तर उचलणारी स्प्रिंग थकलीय. उडतं पण मिटून राहत नाही, तर खटका किंवा झिजलेली कड बघा. घड्याळजीकडे जाताना एवढं सांगता आलं तरी नको ती स्प्रिंग बदलण्याचा खर्च वाचतो.

मागचं झाकण चाकूनं उचकटू नका. कडेला नखाएवढी खाच असते, तिथूनच उघडा. बिजागरी दिसतच नसेल तर ते बहुधा आट्याचं असतं, डावीकडे फिरवा.

वेळ लावायला गुंडी ओढली आणि ती हलली नाही, तर जोर लावू नका. काही अमेरिकन घड्याळांत पुढची काच उघडल्यावर डायलच्या कडेला बारीक दांडी असते. ती ओढल्यावरच काटे फिरतात.

आता आपल्या नागपूरचं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपार जातो, जुनं तेल पातळ होऊन पसरतं, वाळतं. त्यात घड्याळ कूलरसमोरच्या शोकेसमध्ये! वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ती ओल निळ्या पोलादी काट्यांना गंज चढवते. कपाटात, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. शिलाई मशीनचं तेल तर थेंबभरही नको.

‘चावी जास्त बसली म्हणून बंद पडलं’ हे बहुतेक वेळा खरं नसतं. चावी पूर्ण बसलेली असते, तेल सुकून चाकं अडलेली असतात. हलवून चालवू नका, साफ करून घ्या.

आणि इतवारीच्या सराफ्यात नुसत्या चांदीच्या वजनावर विकू नका. आधी आतल्या झाकणावरचे शिक्के आणि आतल्या चाकांच्या मशीनवरचा नंबर वाचा. बऱ्याच कंपन्यांच्या घड्याळांचं वय मशीनच्या नंबरावरून कळतं, बाहेरच्या डबीच्या, म्हणजे केसच्या, नव्हे. शिक्के पॉलिशनं घासू नका, पुसट झाले की भाव पडतो.