दिवाळीचा पैसा किराण्याच्या यादीतून कसा काढायचा

दसरा उलटला की आमच्या सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज पडायला लागतात. एक, तयार भाजणी कुठे मिळेल. दुसरा, "या महिन्याची भिशी मला उचलू द्याल का?" २०२२ मध्ये हा दुसरा मेसेज मीही टाकला होता. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं आणि आमच्या घरात पगार येतो महिनाअखेरीला. तेल, तूप, मावशींची दिवाळी, ओवाळणी, सगळं पगाराच्या अलीकडे. बायकांनी भिशी दिली, काही बोलल्या नाहीत, पण मागताना फार ओशाळल्यासारखं झालं.

तेव्हापासून दिवाळीचा पैसा मी ऑक्टोबरात शोधत नाही. जानेवारीपासून किराण्याच्या यादीतून काढते. आम्ही पुण्यात राहतो, घरात चौघं. पुढचे आकडे आमच्या वहीतले आहेत. तुमचे वेगळे येतील, हिशेब असाच लावायचा.

मागची दिवाळी आधी कागदावर उतरवा

अंदाजाने आकडा धरू नका, तो नेहमी कमी निघतो. फोनवरून पैसे दिलेत ना, मग गणपतीपासून भाऊबिजेपर्यंतचे व्यवहार ॲपमध्ये दिसतात. ते खाली खाली सरकवत वहीत उतरवा. रोख दिलेले आठवून लिहा.

आमचं असं निघालं: फराळाचं सामान ५,४०० रुपये. पणत्या, रांगोळी, उटणं, झेंडूची फुलं, आकाशकंदील मिळून १,९००. मावशी, वॉचमन, कचरा नेणारे दादा यांची दिवाळी ३,०००. ओवाळणी २,२००. झाले १२,५००. कपडे यात नाहीत, ते बोनसमधून होतात. ज्यांना बोनस नाही त्यांनी तेही धरावेत. गणपती-गौरीचे ४,३०० वेगळे लिहिले. ते पैसे दिवाळीच्या आधी लागतात, त्यामुळे एकाच गाठोड्यात बांधून चालत नाही.

सोबत पंचांग घ्या. दिवाळी पगाराच्या आधी पडते की नंतर, हे वर्षाच्या सुरुवातीलाच कळलेलं बरं. २०२५ ला लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ ला ते ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे ऑक्टोबरचा पगार हाताशी असेल. पण हे आपसूक मिळालेले दिवस फुकट नाहीत. मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. ज्या घरात लेक-जावई आहेत तिथे धोंड्याचं वाण आलं: तेहतीस अनारसे, दिवा, ताट आणि जावयाचा आहेर. हा खर्च तीन वर्षांतून एकदा येतो आणि दर वेळी घर चकित होतं. यंदा वहीत आधीच लिहून ठेवा.

डब्यावर तारीख टाका

मला सगळ्यात जास्त उपयोग याचा झाला. खर्च किती हे बिलावरून कळतं, घरात खाल्लं किती जातं हे कळत नाही. ते डब्याला ठाऊक असतं. स्टेशनरीच्या दुकानात कागदी चिकटपट्टी मिळते. नवं पाकीट डब्यात ओतलं की पट्टीवर वजन आणि तारीख लिहून डब्याला चिकटवायची. डबा रिकामा झाला की खाली दुसरी तारीख. एक महिना, फार तर दोन.

आमच्या तूरडाळीच्या डब्यावर होतं: १ किलो, ३ तारीख. संपली १४ ला. म्हणजे अकरा दिवसांना किलो, महिन्याला पावणेतीन. मी कित्येक वर्षं चार किलो लिहीत होते, कारण सासूबाई चार लिहायच्या. तेव्हा घरात सात माणसं जेवत होती. डबे लावताना फळीच्या मागच्या बाजूला साबुदाण्याची तीन पाकिटं सापडली. तिन्ही उघडी, तिन्हींना रबर लावलेलं. दर एकादशीला कुणीतरी "साबुदाणा आहे का?" विचारायचं आणि कुणीतरी जिना उतरून अर्धा किलो आणायचं.

तेलाचं मात्र उलटं झालं. पाच लिटरचा कॅन महिनाभर पुरतो असं मी छातीठोक सांगायचे, तो २४ तारखेलाच संपला होता. शेवटच्या आठवड्यात कोपऱ्यावरून लिटरभराची पिशवी यायची आणि ती यादीत कधी दिसायचीच नाही. मग महिन्याचं चार लिटर बाजूला काढून बाकीचा कॅन वरच्या फळीवर ठेवला. पहिल्या महिन्यात कुरबूर झाली. दुसऱ्या महिन्यात रविवारच्या भज्या आपोआप पंधरा दिवसांवर गेल्या.

तेलावरून आठवलं, लिटर आणि किलो यांत गल्लत करू नका. एक लिटर तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा यांत जवळजवळ दीड लिटरचा फरक. दोन दुकानांचे भाव विचारताना आधी "किलो की लिटर?" एवढं विचारा. पाकिटांवर एमआरपीच्या आसपास ग्रॅमचा किंवा मिलीचा दरही बारीक अक्षरांत छापलेला असतो. चष्मा लावून तोच वाचायचा. 'मोठं पाकीट स्वस्त' हे दर वेळी खरं नसतं.

यादी स्वयंपाकघरात बसून करा

दुकानात उभं राहून किंवा फोनवर बोटं फिरवत केलेली यादी ही यादी नव्हे. पगाराच्या आदल्या दिवशी डबे उघडायचे आणि दर महिन्याच्या मापातून आत उरलेलं वजा करून लिहायचं. डाळीचं माप तीन किलो असेल आणि डब्यात पाऊण शिल्लक असेल तर यादीत सव्वादोन.

दूध, भाजी, फळं यांचे पैसे किराण्यात मिसळू नका. आठवड्याच्या भाजीचे रोख पैसे वेगळ्या पाकिटात ठेवा, पाकीट संपलं की घरात कडधान्य भिजतं. फोनवरून दहा मिनिटांत येणाऱ्या कोथिंबिरीबद्दल एवढंच सांगते: ती कधी एकटी येत नाही. ठरावीक रकमेच्या वर डिलिव्हरी फुकट म्हणून सोबत चिप्स आणि आइस्क्रीम येतं. आता असं काही हवं झालं तर मुलाने ते फ्रिजवरच्या कागदावर लिहायचं आणि शनिवारी एकदम आणायचं असं ठरलं आहे. शनिवारपर्यंत निम्म्या गोष्टी खोडलेल्या असतात.

या सगळ्यातून किती सुटले? खोटं कशाला सांगू, महिन्याला बाराशेच्या आसपास. बाजूला टाकायचे होते महिन्याला १,९५०, दिवाळीचे १,४०० आणि गणपतीचे ५५०. म्हणून बाकीचे साडेसातशे महिन्यातलं एक हॉटेलचं जेवण कमी करून काढले. नुसत्या किराण्यातून सगळी दिवाळी निघेल असं कुणी सांगत असेल तर त्यांचा किराणा आधी फारच सैल असणार.

वर्षाचं काय, महिन्याचं काय

आईच्या घरी वर्षाचं धान्य भरायची पद्धत होती, कारण कोठीची खोली होती. फ्लॅटमध्ये सरसकट तसं करण्यात अर्थ नाही. पण कोणता माल कधी नवा येतो हे माहीत असलं की सणाचं बरंच सामान सणाआधी घरात येतं आणि एका महिन्यावर बोजा पडत नाही.

नवी तूर हिवाळ्यात निघते, हरभरा फेब्रुवारी-मार्चात. तेव्हा मी तूरडाळ सहा महिन्यांची आणि चणाडाळ दिवाळीपर्यंतची घेते, पुरणपोळी आणि बेसनाचे लाडू धरून. मिरची आणि हळदही याच सुमारास नवी येते. ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटाला. एप्रिलच्या उन्हात वाळवून मसाला कांडपावर द्यायचा. मसाला घरचा असावा, हे माझं ठाम मत आहे: पाकिटांपेक्षा तो स्वस्त पडतो, वर्षभर पुरतो आणि चवीचं तर बोलायलाच नको. नवा लसूण आणि चिंच याच दिवसांत. एप्रिल-मे मध्ये येणारा उन्हाळ कांदा टिकतो. हिवाळ्यातला लाल कांदा स्वस्त दिसला तरी साठवायला घेऊ नका, सडतो. तांदूळ दिवाळीनंतर नवा येतो, पण त्याचा भात चिकट होतो, म्हणून मी जुनाच मागते. पाऊस बिघडला की हंगामातही भाव चढे राहतात. तरी तेव्हा माल ताजा असतो आणि निवडायला भरपूर मिळतो.

गव्हाची गोष्ट जरा सविस्तर, कारण तिथे मी पैसे घालवलेत. पहिल्या वर्षी मार्केट यार्डातून ३० किलोचे दोन कट्टे आणले. गच्चीवर एक दिवस ऊन दाखवलं आणि संध्याकाळी गरम गरमच डब्यात भरून झाकण दाबून बसवलं. जुलैत झाकण काढलं तर वरच्या थरात सोंडे फिरत होते. गरम धान्य बंद केलं की आत घाम धरतो, हे चक्कीवाल्या काकांनी हसत हसत सांगितलं. आता दोन-तीन दिवस कडक ऊन, रात्रभर घरात चादरीवर पसरून पूर्ण गार, मग सावलीत वाळवलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासकट कोरड्या डब्यात. एवढं करायला जागा आणि वेळ नसेल तर गहू महिन्याचाच घ्या. किलोमागे वाचलेले चार पैसे सोंडे खाऊन जातात.

डाळ आधी, पीठ नंतर, हे मात्र सगळ्यांना लागू. चणाडाळ महिनोन्‌महिने राहते, बेसन राहत नाही. रवा-मैदा दसऱ्याच्या आधी भरून ठेवला तर चाळणीतून अळ्या काढायची तयारी ठेवा.

पैसे ठेवायचे कुठे

खर्चाच्या खात्यात ठेवलेले पैसे वाचलेले नसतात, फक्त अजून खर्च झालेले नसतात. मी दिवाळीसाठी जानेवारीत बँकेत नऊ महिन्यांची आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक हप्ता भरायची ठेव, काढते, दरमहा १,४००. हप्ता पगारानंतर दोन दिवसांनी आपोआप कापला जातो आणि ऑक्टोबरात पैसे हातात येतात. व्याज किती? दर साडेसहा टक्के धरला तर साडेतीनशेच्या आत. व्याजासाठी आरडी नाहीच, सहज हात जाऊ नये म्हणून आहे. काही बँकांत किमान वर्षाची अट असते, आधी विचारा. दिवाळीनंतर उत्साहात वर्षाची आरडी काढली आणि पुढची दिवाळी अलीकडे आली, तर ती सण झाल्यावर पिकेल. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, ती या कामाची नाही.

गणपतीचे दरमहा ५५० पितळी डब्यात रोख. डब्यात चिठ्ठी: घेतलेस तर लिही.

ओळखीच्या दहा-बारा जणींची भिशी चांगली, पण नंबर कधी लागेल यावर दिवाळी टांगू नका. लिलावाच्या भिशीत आधी उचलणारीला कमी रक्कम मिळते, हेही ध्यानात ठेवा. दुकानदाराच्या दिवाळी भिशीचा माझा अनुभव कडू आहे. बारा महिने पैसे भरले आणि शेवटी रोख नाही, सामान मिळालं, तेही छापील किमतीला. तोच माल रोख घेतला असता तर एरवी तोच माणूस दर कमी करून देतो. मोठं व्याज दाखवून ठेवी गोळा करणारे तर वेगळेच. अशा योजनांवर बंदी घालणारा कायदा २०१९ मध्ये आला, पण कायद्याने पैसे परत येईपर्यंत दिवाळ्या निघून जातात. बँकेतल्या, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. नावात 'सहकारी' दोन्हीकडे असतं, म्हणून सांगितलं.

शेवटचे सहा आठवडे

गौरी गेल्या की फराळाची यादी काढायची. २०२२ च्या दिवाळीत सरकारने शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला, त्यात रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल होतं. फराळाचा कणा एवढाच. बाकी सगळा साज, आणि खिसा फाटतो तो साजाने.

सप्टेंबरच्या किराण्यात काजू, बेदाणे, वेलची, खसखस थोडी थोडी घ्या. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात भाजणीच्या डाळी-तांदूळ धुऊन वाळवा. डाळी घरात आहेतच. पातळ पोहे, डाळं, खोबरं वसुबारसेच्या दहा-बारा दिवस आधी. खोबरं लवकर आणलं तर खवट होतं आणि सगळा चिवडा वाया जातो. तूप, रवा, मैदा सर्वांत शेवटी. आणि प्रमाण? आम्ही सगळ्या वस्तू दोन-दोन किलो करायचो आणि तुळशीच्या लग्नापर्यंत कडक चकल्या चघळायचो. आता चकली, चिवडा आणि दोन गोड पदार्थ. करंज्या शेजारच्या काकू करतात, मी त्यांना चिवडा देते.

भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी डबे पुन्हा उघडा. मागच्या वेळी आमच्याकडे तळणाचं सोडून दीड लिटर तेल, अर्धा किलो पोहे आणि पाऊण किलो साखर उरली. ती नोव्हेंबरच्या यादीतून वजा केली, आणि वहीत पुढच्या दिवाळीच्या पानावर लिहिलं: पोहे दीडऐवजी एक किलो.