मोठ्या वूफरमुळे हलणारा गाडीचा टप घट्ट कसा करावा

गाडीत मोठा सबवूफर (फक्त खोल बेस वाजवणारा मोठा स्पीकर) आणि त्याला साजेशा ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर बसवला, की थोड्याच दिवसांत टपाचा पत्रा बोलू लागतो. बेसचा ठोका पडताच टपावरचा अँटेना डुलतो, सनव्हायझर फडफडते आणि बाहेरून तळहात टेकवला तर पत्रा वर-खाली होताना स्पष्ट जाणवतो. याने केवळ आवाज बिघडत नाही. वूफरने निर्माण केलेला दाब पत्रा हलवण्यात वाया जातो, टपाच्या कडेच्या पन्हळीतले सीलंट हळूहळू तडकते आणि पुढच्या पावसाळ्यात तिथूनच पाणी झिरपून गंज धरतो.

पत्र्यावर किती जोर येतो, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. ४० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे साडेआठ मीटर, म्हणजे बहुतेक हॅचबॅकच्या दुपटीहून अधिक असते. त्यामुळे इतक्या खालच्या सुरांत गाडीच्या आतल्या हवेचा दाब सगळीकडे एकदमच वाढतो आणि एकदमच उतरतो. टपाचा मोकळा पत्रा दीड चौरस मीटर धरला, तर १४० डेसिबलला त्यावर सरासरी ३०० न्यूटन, म्हणजे सुमारे ३० किलो वजनाइतका जोर येतो. १५० डेसिबलला तोच आकडा ९५ किलोच्या पुढे जातो. हा जोर सेकंदाला ४० वेळा बाहेर ढकलतो आणि ४० वेळा आत ओढतो, आणि त्याला तोंड देणारा पत्रा साधारण ०.७ मिलिमीटर जाडीचा असतो.

यावर बहुतेक लोक टपाला आतून डॅम्पिंग शीटचे, म्हणजे कंपन शोषणाऱ्या ब्युटाइल रबराच्या चिकट शीटचे, एकावर एक थर चिकटवतात. पैसे खर्च होतात, टप जड होतो आणि हालचाल जवळजवळ होती तेवढीच राहते. याचे कारण नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढचे सगळे काम त्यावरच आधारलेले आहे. पत्र्याचे दोन वेगळे आजार असतात. ठोका संपल्यावरही पत्रा घुमत राहणे हा पहिला. तो पत्र्याच्या स्वतःच्या कंपनसंख्येजवळ होतो आणि डॅम्पिंग शीट त्यावर उत्तम काम करते. संथ, खोल बेसबरोबर पत्रा फुगणे आणि दबणे हा दुसरा. हे सूर पत्र्याच्या स्वतःच्या कंपनसंख्येच्या बरेच खाली असल्यामुळे तिथे पत्र्याचा ताठपणाच कामाला येतो, आणि मऊ ब्युटाइलचा थर ताठपणात फारच थोडी भर घालतो. सपाट पत्र्याच्या बाबतीत दोन आधारांमधले अंतर निम्मे केले, तर सारख्याच दाबाखाली होणारा फुगवटा हिशेबाने सोळाव्या हिश्श्यावर येतो. टपाला थोडा बाक असल्याने प्रत्यक्षात इतका फरक पडत नाही, तरी दिशा हीच आहे. म्हणून वजन वाढवण्याच्या मागे न लागता आधारांमधले अंतर कमी करावे.

काम सुरू करण्यापूर्वी हालचाल मोजून ठेवावी, नाहीतर शेवटी फरक पडला की नाही हे केवळ मनाच्या समाधानावर ठरते. टपाच्या मध्यभागापासून कडेपर्यंतच्या अंतराच्या साधारण निम्म्यावर एक लहानसा आरसा दुहेरी टेपने चिकटवावा. अगदी मध्यावर तो लावू नये, कारण तिथे पत्रा वर-खाली होतो पण कलत नाही. गाडीबाहेर तिपाईवर घट्ट बसवलेल्या लेझर पॉइंटरचा किरण त्या आरशावर पाडून तीन-चार मीटरवरच्या भिंतीवर घ्यावा. मोबाइलवरच्या टोन जनरेटरने २५ ते ८० हर्ट्झपर्यंतचे सूर पाच-पाचच्या टप्प्याने वाजवले, की भिंतीवरच्या ठिपक्याची रेघ होते. प्रत्येक सुराला तिची लांबी खडूने आखून वहीत लिहून घ्यावी. प्रत्येक सूर दोन-तीन सेकंदच वाजवावा, कारण अखंड सुराने वूफरची कॉइल जळू शकते. सूर वाजत असताना गाडीत कोणीही बसू नये, बाहेर उभे राहणाऱ्याने कानात इअरप्लग घालावेत आणि किरण कोणाच्या डोळ्यांवर जाणार नाही याची काळजी घ्यावी.

या नोंदी हाती आल्यावर आधी अ‍ॅम्प्लिफायरकडे वळावे. टप एखाद्याच सुराला जास्त हलत असेल, तर इक्वलायझरने तेवढाच पट्टा ६ डेसिबलने उतरवावा. त्याने त्या सुराचा दाब निम्मा होतो आणि पत्र्याची हालचालही जवळपास निम्म्यावर येते. पोर्ट (हवेसाठी ठेवलेले भोक) असलेल्या वूफरच्या पेटीत सबसॉनिक फिल्टर, म्हणजे फार खालचे सूर अडवणारा फिल्टर, पेटी ज्या सुराला जुळवलेली असते त्याच्या किंचित खाली लावावा, म्हणजे ऐकू न येणाऱ्या सुरांवर ताकद खर्च होत नाही. पुष्कळ गाड्यांचे काम इथेच भागते आणि टप उघडण्याची वेळ येत नाही.

टप उघडायचाच असेल, तर प्रथम पडदा-एअरबॅग पाहाव्यात. त्या टपाच्या दोन्ही कडांना, अस्तराच्या आत घडी घालून बसवलेल्या असतात. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय अस्तराला हात लावू नये, आणि एअरबॅग उघडण्याच्या वाटेत काहीही चिकटवू नये. पॅनोरमिक सनरूफ असलेल्या गाडीच्या टपावर हे काम करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे बेस उतरवणे हाच उपाय आहे.

सनव्हायझर, हँडल, दिवा, पिलरची आवरणे आणि दारांचे रबर बीडिंग काढले, की अस्तर सुटे होते. ते पुठ्ठ्यासारखे असते आणि एकदा दुमडले की ती घडी कायमची राहते. म्हणून सीट पूर्ण मागे पाडून, दोघांनी धरून, ते मागच्या दारातून सरळ बाहेर घ्यावे. प्रत्येक क्लिप आणि वायरचा फोटो आधी काढून ठेवावा.

आता टपाखालच्या आडव्या पट्ट्या दिसतील. माझ्या मते या कामाचा अर्धा लाभ इथेच आहे. पट्टी आणि पत्रा यांच्यात काही मिलिमीटरची फट असते आणि कारखान्यात त्या फटीत जागोजागी मऊ मॅस्टिकचे (लांबीसारख्या चिकट भरावाचे) गोळे भरलेले असतात. ऊन आणि वय यांमुळे हे गोळे सुकतात, आक्रसतात आणि पत्र्यापासून सुटतात. मग पट्टी जागेवर असूनही पत्र्याला तिचा आधार राहत नाही. बाहेरून एकाने पत्रा हलकेच दाबावा आणि आतून दुसऱ्याने टॉर्चच्या उजेडात प्रत्येक गोळा तपासावा. सुटलेले गोळे प्लास्टिकच्या पातीने खरवडून काढावेत, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी होऊ द्यावी आणि सीलंट गनने त्या फटीत पॉलियुरेथेन किंवा एमएस पॉलिमर सीलंट पट्टीच्या पूर्ण लांबीत भरावे. फट भरेल इतकेच भरावे. जास्त कोंबले तर पत्रा वर उचलला जातो आणि तो उंचवटा बाहेरून कायम दिसत राहतो. ही सीलंटे हवेतल्या ओलाव्याने, दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटर या वेगाने आतपर्यंत सुकतात. त्यामुळे आठवडाभर वूफर बंद ठेवावा आणि गाडी सावलीत उभी करावी. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात त्याहून अधिक वेळ द्यावा.

त्यानंतर दोन पट्ट्यांच्या मधोमध आणखी एक आडवी फासळी द्यावी. अ‍ॅल्युमिनियमच्या दीड मिलिमीटर जाडीच्या, इंग्रजी यू आकाराच्या पन्हळीची फासळी मला सर्वांत सोयीची वाटते. टपाचा बाक जाड पुठ्ठ्यावर कापून घ्यावा आणि फासळीला तोच बाक द्यावा. सरळ फासळी दाबून चिकटवली तर ती पत्र्यालाच सपाट करते आणि टपाच्या बाकामुळे मिळणारा ताठपणा नाहीसा होतो. फासळी आणि पत्रा यांच्यामध्ये सीलंटचा दोन-तीन मिलिमीटरचा थर राहिला पाहिजे. उन्हात अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, आणि सव्वा मीटर लांबीच्या फासळीत ५० अंशांच्या फरकाने हा वेगळेपणा अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त भरतो. लवचीक थर तो फरक सामावून घेतो आणि दोन धातूंचा थेट संबंध येऊ न दिल्यामुळे गंजही टळतो. फासळीची टोके कडेच्या चौकटीपर्यंत नेता आली तर आधार पक्का होतो. पण तिथे एअरबॅग असेल, तर फासळी निमूटपणे अलीकडेच संपवावी. तिची उंची अस्तरामागच्या जागेत बसते की नाही, हे चिकटवण्यापूर्वी अस्तर तात्पुरते लावून पाहावे.

काही गोष्टी मात्र कोणी कितीही सुचवल्या तरी करू नयेत. टपाला वेल्डिंग करू नये. इतका पातळ पत्रा उष्णतेने वाकतो आणि बाहेरचा रंग जळतो. कडक होणारे इपॉक्सी किंवा पॉलिएस्टर रेझिन थेट पत्र्यावर ओतू नये, कारण ते आकसताना त्याचे वळ बाहेरच्या रंगावर उमटतात. फुगणारा फोम पट्ट्यांच्या फटीत मारू नये. घराच्या गच्चीसाठी मिळणारी डांबराची टेप स्वस्त असली तरी आपल्याकडच्या मे महिन्यात तापलेल्या पत्र्याखाली ती मऊ पडते, वास मारते आणि शेवटी अस्तरावर उतरते. ध्वनिदाबाच्या स्पर्धांतल्या गाड्यांत टपाला तळापासून उभा खांब दिलेला असतो. त्या गाड्या माणसे नेण्यासाठी नसतात. घरच्या गाडीत अपघाताच्या वेळी तो खांब प्रवाशाच्या जिवावर बेतू शकतो.

फासळ्या पूर्ण सुकल्या, की मग डॅम्पिंग शीट लावावी. प्रत्येक मोकळ्या चौकोनाच्या मधोमध, निम्म्याहून कमी भागावर, रोलरने दाबून लावलेला एकच थर पुरतो. दोन मिलिमीटरच्या ब्युटाइल शीटचे वजन चौरस मीटरला तीन-चार किलो भरते आणि हे वजन गाडीच्या सर्वांत उंच जागी पडते, हे विसरू नये. वायरींना कापडी टेप गुंडाळून अस्तर परत बसवावे.

आता तोच आरसा, तीच भिंत, तेच सूर आणि व्हॉल्यूमचा तोच आकडा घेऊन पुन्हा मोजणी करावी. टपाची रेघ आखूड झालेली दिसेल; मात्र जो दाब टप सोडून देत होता, तो आता डिकीचे दार आणि पुढची काच यांच्यावर अधिक येतो. काचेच्या कडेला दगडाने उडालेला टवका असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्यावा. महिन्याभराने टपाच्या कडेच्या पन्हळीवरची रबराची पट्टी उचलून सीलंटची रेघ पाहावी, आणि केसाइतकी जरी भेग दिसली तरी पहिल्या पावसाआधी ती साफ करून नव्या सीलंटने भरावी.