मोडीवाल्यांसोबत काम सुरू करताय? आधी लिप्यंतराचं बोला

मोडी लिपीतले जुने कागद संगणकाकडून वाचून घ्यायचेत, जाणकार कुठे मिळेल, असं नवीन मुलं विचारतात. जाणकार मिळतो हो. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे, पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे वर्ग भरतात. जा, बसा, ओळखी होतात. गाडी अडते ती ओळख झाल्यावर.

मी संगणकाच्या बाजूचा. मॉडेल कसं शिकवायचं ते तुम्हाला येतं असं धरतो. आमचे कित्येक महिने ज्यात गेले ते लिप्यंतर, तेवढंच नीट सांगतो.

मोडीत शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. आधी आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली शक्यतो हात न उचलता लिहीत जायचं. ऱ्हस्वदीर्घाचा फरक बहुधा नसतोच. 'परगणे' लिहायचं तर कारकून 'पा।' करून पुढे सरकतो. हाच कागद जाणकार बालबोधीत, म्हणजे देवनागरीत उतरवतो तेव्हा शब्द तोडतो, वेलांट्या सुधारतो, 'पा।'चं 'परगणे' करतो आणि कसर लागलेल्या जागी संदर्भावरून शब्द भरतो. इतिहास वाचणाऱ्यासाठी हे उत्तम काम आहे. मॉडेलसाठी विष. आपण त्याला चित्र आणि मजकूर अशी जोडी दाखवतो. चित्रात दोन खुणा, मजकुरात चार अक्षरं. शाईत नसलेली अक्षरं काढायची सवय त्याला आपणच लावतो. मग फाटक्या जागीही ते छान, सुसंगत वाक्य देतं. वाक्य इतकं मराठमोळं असतं की कुणाला शंकाही येत नाही, आणि कागदावर ते नसतंच!

छापील साधनखंडांतला, म्हणजे जुनी कागदपत्रं संपादून छापलेल्या पुस्तकांतला मजकूर मूळ कागदांच्या फोटोंना जोडून वेळ वाचवायचा मोह सगळ्यांनाच होतो. नका करू. संपादकांनीही तेच सगळं केलेलं असतं, तेही प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने.

उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. लिप्यंतराचे दोन थर ठेवा. पहिला, दिसतं तसं. युनिकोडमध्ये मोडी २०१४ मध्ये, ७.० या आवृत्तीत आली, त्यामुळे हा थर थेट मोडीतही ठेवता येतो. दुसरा बालबोध, शब्द तोडून, संक्षेप फोडून, अंदाज चौकोनी कंसात. नियम एका पानावर लिहून काढा आणि त्याच थोड्या ओळी दोन जाणकारांकडून वेगवेगळ्या उतरवून घ्या. दोघांचं जिथे जुळणार नाही तिथे तुमचा नियम कच्चा आहे. त्यांच्या वादात पडू नका, ऐका आणि लिहून घ्या.

चाचणीसाठी वेगळ्या कारकुनाचा हात, म्हणजे हस्ताक्षर ठेवा. एकाच हाताची पानं शिकवायला आणि चाचणीला, दोन्हीकडे वाटली तर आकडे झकास येतात आणि पुढच्या रुमालाला, म्हणजे कागदांच्या गठ्ठ्याला सगळं कोसळतं.

तारखांचंही तसंच. 'इहिदे सबैन मया व अलफ' म्हणजे शुहूर सन ११७१ (जुन्या मराठी कागदांतली, अरबी शब्दांत वर्ष सांगणारी कालगणना), इसवी १७७०-७१. हे वर्ष सूर्य मृगात गेला की सुरू होतं, महिने मात्र हिजरी, चांद्र. तुमच्या तक्त्यातला तारखेचा रकाना हे पेलणार नाही. मूळ शब्द जसेच्या तसे ठेवा, इसवी तारीख शेजारी. आणि ती जाणकाराकडून तपासून घ्या, स्वतः शहाणपणा नको.

आता मार्गदर्शकांविषयी. मोडीवाल्याला पानामागे पैसे टेकवून निबंधाच्या आभारात ढकलणारे मार्गदर्शक मी पाहिलेत. माझ्या मते तो माणूस सहलेखकच आहे. पहिल्याच बैठकीत हे बोला, अवघड वाटलं तरी. चोवीस तासांच्या हॅकेथॉनमध्ये मोडी 'सोडवणाऱ्यां'बद्दल तर बोलायलाच नको.

घाबरवलं असेल तर सॉरी. जाणकार मंडळी तुम्ही समजता तितकी तिरसट नसतात. थोडी मोडी शिकून, अडखळत का होईना, एक ओळ त्यांच्यासमोर वाचून दाखवा. तुमच्या चुका काढता काढता ते जे सांगतात ते कुठल्याही शोधनिबंधात सापडणार नाही.

आणि सुरुवात जमाखर्चाच्या कागदांपासून करा. आकडे आणि ठरावीक शब्द तिथे पुन्हा पुन्हा येतात. खाजगी पत्रांना लगेच हात घालू नका.