एल कॅमिनो घ्यायची आहे? आधी पत्रा बघा

नाशिकला द्वारका चौकाजवळ माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. येतात त्या बहुतेक बोलेरो पिकअप आणि द्राक्षं वाहणारे टेंपो. पण पुतण्या टेक्सासला असतो. त्याचे मित्र एल कॅमिनो, रँचेरो अशा कारवर बांधलेल्या जुन्या अमेरिकन पिकअपचे फोटो पाठवतात आणि विचारतात, 'काका, घेऊ का?'

आधी ओळख. बोलेरो पिकअपला केबिन आणि हौद्याच्या मधे फट असते. कारवर बांधलेल्या पिकअपमध्ये दारामागचा पत्रा सलग फाळक्यापर्यंत जातो. (१९६१ ते ६३ च्या फोर्ड एफ-१०० लाही असा सलग हौदा मिळे, पण तिचं तोंडच ट्रकचं.) फोर्डची रँचेरो आली १९५७ ला आणि १९७९ ला संपली. शेवरलेची एल कॅमिनो १९५९-६० ची म्हणजे मागे आडवे पंख; मांजरडोळी टेललाइट मात्र फक्त १९५९ च्या गाडीला. मग खंड पडला, आणि १९६४ ला ती शेव्हेल या शेवरलेच्याच कारवर परतली ती थेट १९८७ पर्यंत. जीएमसीची स्प्रिंट, नंतरची कॅबलेरो, या तिच्याच जुळ्या बहिणी. दुर्मीळ आहेत, पण तेवढ्यासाठी जास्त पैसे मी देणार नाही.

खरी फसवणूक 'एसएस' (सुपर स्पोर्ट, म्हणजे ताकदवान मॉडेल) बिल्ल्यात. बिल्ला बाजारात विकत मिळतो, म्हणून तो बघूच नका, चासी नंबर बघा. १९६८ पासून तो ड्रायव्हरच्या बाजूला काचेखाली दिसतो. १९६८ ची एसएस ३९६ (३९६ घनइंची इंजिनवाली) असेल तर नंबर १३८८० ने सुरू होतो. १९६९ ते ७१ मध्ये मात्र एसएस नुसता ऑप्शन होता, नंबरावरून काही कळत नाही. तिथे बिल्डशीट, म्हणजे गाडी बनवतानाचा कारखान्यातला तपशिलाचा कागद मागा. तो कागद बऱ्याचदा पेट्रोलच्या टाकीवर किंवा सीटच्या स्प्रिंगमध्ये अडकलेला सापडतो. १९७२ ला पाचवं अक्षर 'डब्ल्यू' असेल तर ४५४ इंजिन, म्हणजे गाडी एसएसच. रँचेरो १९६७ ची किंवा नंतरची असेल तर मार्टी रिपोर्ट मागवा. फोर्डच्या कारखान्यातल्या नोंदींवरून तो गाडीची मूळ हकिगत सांगतो.

आता माझा प्रांत, पत्रा. शेव्हेलवरच्या एल कॅमिनोत सीटमागे, हौद्याखाली एक पोकळी असते. मागच्या काचेची रबरं गेली की पाणी तिथे उतरतं आणि तळ आतून कुजतो. बाहेर रंग चकाचक! झाकण उघडून आतला फोटो मागा. मग फ्रिजवरचं चुंबक कापडात गुंडाळून मागच्या चाकांच्या कमानीवर फिरवा. चिकटलं नाही तर आत लांबी (पुट्टी) भरलीय.

भाव ठरवताना एक हिशेब ठेवा. बॉनेट, पुढचे मडगार्ड, ग्रिल शेव्हेलशी जुळतात, त्यामुळे पुढची ठोकर सोसवते. फाळका, मागची काच, मागच्या बाजूचे पत्रे फक्त याच गाडीचे. तिथे सडलेली गाडी रनिंगमध्ये असली तरी स्वस्त मागा. हॅगर्टी या अमेरिकन कंपनीच्या जुन्या गाड्यांच्या भावयादीत १ ते ४ असे दर्जे आहेत, १ सगळ्यात उत्तम. विकणारा '२' म्हणाला की मी '३' धरून चालतो. आणि जाहिरातीतला आकडा सोडा, लिलावात अशी गाडी शेवटी कितीला गेली ते शोधा.

१९६८ आणि पुढच्या एल कॅमिनोचं व्ही-८ इंजिन मूळचं आहे का हे बघायला उजव्या सिलिंडर हेडच्या पुढची सपाट जागा पुसून फोटो काढा. तिथले आकडे चासी नंबराच्या शेपटाशी जुळले तरच पुढे बोलू.