दुधाची बशी आणि ठिपकेदार पट्टा : जुन्या डिटेक्टिव्ह भागातले कच्चे दुवे कसे तपासावेत

जुनी रहस्यमालिका पुन्हा लावली की घरातले कोणी ना कोणी पाचव्या मिनिटाला ‘हे काही पटत नाही’ असे म्हणतेच. तसे म्हणणे सोपे आहे. नेमके काय पटत नाही आणि त्यामुळे कथानकाला खरोखर धक्का बसतो का, हे सांगणे मात्र थोडे कष्टाचे काम आहे. ते कसे करावे हे मी एकाच भागाच्या आधाराने मांडणार आहे. ग्रॅनडा टेलिव्हिजनच्या शेरलॉक होम्स मालिकेतला ‘द स्पेकल्ड बँड’, म्हणजे ‘ठिपकेदार पट्टा’, हा तो भाग. तो १९८४ साली ब्रिटनमध्ये आयटीव्ही वाहिनीवर दाखवला गेला. त्यात जेरेमी ब्रेट होम्सच्या आणि डेव्हिड बर्क वॉटसनच्या भूमिकेत आहेत. मूळ कथा आर्थर कॉनन डॉयल यांची, १८९२ सालच्या ‘स्ट्रँड’ मासिकात आलेली. पुढे सगळे रहस्य फोडलेले आहे, त्यामुळे ज्यांनी भाग पाहिलेला नाही त्यांनी आधी तो पाहून यावा.

सुरुवात कागद-पेन्सिलीने करावी. भाग ज्या क्रमाने उलगडतो तो क्रम बाजूला ठेवून, गुन्हा ज्या क्रमाने घडला त्या क्रमाने, जणू गुन्हेगाराची रोजनिशी लिहीत आहोत अशा पद्धतीने तो लिहून काढावा. आपल्या भागात ती रोजनिशी अशी होते. कलकत्त्यात डॉक्टरकी केलेला ग्रिम्सबी रॉयलॉट इंग्लंडमधल्या सरे परगण्यात स्टोक मोरन येथील वडिलोपार्जित घरात दोन सावत्र मुलींसह राहतो. घर चालते ते मृत पत्नीच्या उत्पन्नावर, आणि मुलींची लग्ने झाली की त्यातला मोठा वाटा त्यांना द्यावा लागणार असतो. थोरलीचे, म्हणजे ज्युलियाचे, लग्न ठरते. (मूळ कथेत दोघी जुळ्या आहेत, तेव्हा ‘थोरली’ हा शब्द केवळ सोयीचा.) तिची खोली रॉयलॉटच्या खोलीला लागून आहे. मधल्या भिंतीत झरोका पाडला जातो, झरोक्यापासून उशीपर्यंत घंटेची दोरी सोडली जाते, जी कोणत्याच घंटेला जोडलेली नाही, आणि पलंग जमिनीला पक्का केला जातो. रात्री झरोक्यातून साप सोडायचा, शिट्टी वाजवून परत बोलवायचा, बक्षीस म्हणून बशीतले दूध द्यायचे, आणि चाबकाच्या फासात धरून लोखंडी तिजोरीत बंद करायचा. ज्युलिया मरते. दोन वर्षांनी दुसरीचे, म्हणजे हेलनचे, लग्न ठरल्यावर भिंतीच्या डागडुजीचे निमित्त काढून तिलाही त्याच खोलीत झोपायला लावले जाते.

रोजनिशी लिहून झाली की प्रत्येक वाक्यापुढे त्या कृतीला लागणारा वेळ, ती कोणाच्या कानावर किंवा डोळ्यांवर आली असती, आणि ती फसली असती तर गुन्हेगार काय करणार होता, हे लिहावे. बहुतेक कच्चे दुवे या तीन नोंदींतच सापडतात. कपड्यांचे रंग, टेबलावरच्या पेल्यातली वरखाली होणारी दारूची पातळी, एका दृश्यात डाव्या आणि दुसऱ्यात उजव्या हातात दिसणारी टोपी, यांची यादी करणारे पुष्कळ आहेत. त्या चुका संकलनाच्या टेबलावरच्या असतात आणि कथेला त्यांच्याशी काही देणेघेणे नसते.

मूळ कथा हाताशी ठेवणे फार उपयोगी पडते. एखादी विसंगती दिसली की ती लेखकाची आहे की रूपांतर करणाऱ्याची, हे पहिल्यांदा ठरवावे लागते. हा भाग मूळ कथेच्या पुष्कळ जवळ राहतो. रॉयलॉटने रागाने वाकवलेली लोखंडी सळई होम्स पुन्हा सरळ करतो, हा प्रसंगसुद्धा कथेतलाच आहे. म्हणून पुढच्या शंकांचे बिल डॉयल यांच्याच नावाने फाडावे लागते.

आता सापाकडे येऊ. मराठी प्रेक्षकाला इथे थोडा अधिकार आहे, कारण आपल्याकडे साप ही रोजच्या ओळखीची वस्तू आहे. होम्स या सापाला ‘स्वॅम्प ॲडर’ म्हणतो आणि तो भारतातला सर्वांत जहाल साप असल्याचे सांगतो. या नावाचा कोणताही साप भारतात नाही. ॲडर हा शब्द घोणस आणि फुरसे यांच्या कुळातल्या सापांसाठी वापरतात. ही जाडजूड, जमिनीवर वेटोळे घालून बसणारी मंडळी. वरून बांधलेल्या आणि खाली लोंबत्या दोरीवरून रात्रीमागून रात्री चढ-उतार करणे त्यांना मानवण्यासारखे नाही. सापाला बाहेरचा कान नसतो. तो ठार बहिरा असतो असे जे आपण म्हणतो ते पूर्ण खरे नाही, कारण आतल्या कानाने त्याला जमिनीतली कंपने आणि हवेतले खालच्या पट्टीतले आवाज कळतात. पण तोंडाने घातलेली शिट्टी बहुतेक त्या पट्टीच्या वरच राहते. गारुड्याच्या पुंगीपुढे नाग डोलतो तो पुंगीच्या हालचालीमुळे. आणि दूध हे सापाचे अन्नच नव्हे. कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला साप समोर येईल ते द्रव पितो, आणि नागपंचमीला दिसणारा चमत्कार एवढाच असतो. कोकणात आजोळी स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत मांजरासाठी ठेवलेल्या दुधाच्या बशीला अंग घासून गेलेली धामण मी स्वतः पाहिली आहे. बशी हलली, दूध थोडे सांडले, आणि धामण मात्र कोपऱ्यातल्या लाकडांच्या ढिगात, जिथे उंदीर होते तिथे, सरळ निघून गेली.

एवढे सांगून ‘लेखकाला सापांतले काही कळत नव्हते’ असा निकाल देऊन थांबणे ही या छंदातली नेहमीची चूक आहे. अशी चूक सापडली की ती कथेचा कोणता भार उचलते आहे ते पाहावे. या भागात होम्स उत्तरापर्यंत पोहोचतो तो कशावरून? झरोका आणि दोरी पाहून या खोलीतून त्या खोलीत काहीतरी येते असे त्याला वाटते. मग तिजोरीवरची दुधाची बशी आणि चाबकाचा फास दिसतो, आणि हेलनने ऐकलेल्या शिट्टीचा अर्थ लागतो. म्हणजे बशी आणि शिट्टी ही केवळ सजावट नाही, ते पुरावे आहेत. ज्या जगात साप दूध पितो आणि शिट्टीला ओ देतो त्याच जगात ते पुरावे ठरतात. याचा एक गमतीचा परिणाम होतो. ज्याला सापांची खरी माहिती आहे असा प्रेक्षक बशी पाहून सापाची शक्यता खोडून टाकील आणि चुकेल; ज्याच्या डोक्यात लहानपणापासून नागपंचमीचे चित्र पक्के बसले आहे तो मात्र होम्सच्या आधी उत्तर सांगून मोकळा होईल. रहस्यकथेत जाणकार प्रेक्षकाचेच नुकसान होत असेल, तर तो कच्चा दुवा पहिल्या प्रतीचा समजावा.

बाहेरच्या ज्ञानावरून काढलेल्या चुकांपेक्षा कथेने स्वतःच दिलेल्या दोन विधानांतली तेढ अधिक मोलाची असते, कारण तिथे लेखकाला ‘माझ्या जगात असेच असते’ हा आडोसाही घेता येत नाही. शेवटी होम्सने छडीने मारून परत पिटाळलेला साप रॉयलॉटलाच चावतो, आणि मूळ कथेत होम्स सांगतो की तो दंशानंतर दहा सेकंदांत मेला. ज्युलियाचे काय झाले? ती किंचाळली, तिने कुलूप उघडले, झोकांड्या खात बाहेर आली, बहिणीला मिठी मारली, कोसळली, अंगाला आचके येत असताना बोलली, आणि गावातून मदत मागवण्याइतका वेळ तिच्यात धुगधुगी होती. तोच साप, तेच विष. यावर कोणी म्हणेल की रॉयलॉटच्या डोक्यालाच सापाचा विळखा होता, त्यामुळे विष लवकर भिनले. ते मान्य केले तरी दहा सेकंद हा आकडा कोणत्याही सर्पदंशाला लागू पडत नाही. खरे तर लेखकाला जे हवे होते ते आपल्याकडच्या मण्यारीजवळ तयार होते. मण्यार रात्री हिंडते, झोपलेल्या माणसाला चावते, दंश दुखत नाही, खूण जेमतेम दिसते, आणि माणूस काही तासांनी श्वास बंद पडून जातो. गावच्या डॉक्टरला मृत्यूचे कारण न सापडणे तिथे अगदी पटले असते. पण मग ज्युलिया झोपेतच गेली असती, बाहेर येऊन ती ‘ठिपकेदार पट्टा’ हे शेवटचे शब्द बोलली नसती, आणि कथेला शीर्षकच उरले नसते. ही अडचण कळली की लेखकाने चूक का केली हेही कळते. प्रत्येक दुव्यापाशी हा ‘का’ विचारून पाहावा.

वेळेच्या हिशेबासाठी घड्याळ जवळ ठेवावे. ज्युलिया किंचाळल्यावर हेलन धावत खोलीबाहेर येते, दार उघडताना तिला हलकी शिट्टी ऐकू येते, आणि थोड्याच क्षणांत धातू आपटल्याचा आवाज येतो; तो तिजोरीच्या दाराचा, असे आपल्याला पुढे कळते. शिट्टी आणि दार यांच्या मधल्या त्या क्षणांत सापाने ज्युलियाला सोडून दोरी गाठायची, वर चढायचे, झरोक्यातून पलीकडे जायचे, फासात सापडायचे आणि तिजोरीत जायचे आहे. मी हा क्रम मनात धरून सेकंद मोजून पाहिले आहेत; सापाला बरीच घाई करावी लागते.

आता भाषेचा दुवा, जो मला या कथेतला सर्वांत विचित्र वाटतो. मूळ कथेत ज्युलियाच्या एका हातात जळालेली काडी आणि दुसऱ्या हातात काडेपेटी सापडते, म्हणजे तिने उजेड करून साप पाहिला होता. मग ती ‘साप’ का म्हणाली नाही? ‘ठिपकेदार पट्टा’ असे मरतानाही कोड्यात का बोलली? भ्रम झाला होता, एवढेच उत्तर देता येते, आणि ते जेमतेमच आहे. लेखकाला हा शब्द हवा होता, कारण इंग्रजीत ‘बँड’ म्हणजे पट्टा आणि ‘बँड’ म्हणजे टोळीही. रॉयलॉटच्या आवारात जिप्सींची टोळी उतरलेली असते आणि ते डोक्याला ठिपक्यांचे रुमाल बांधतात, त्यामुळे संशय तिकडे वळतो. मराठीत ही युक्ती चालतच नाही. ‘पट्टा’ म्हटले तर टोळी हरवते, ‘टोळी’ म्हटले तर साप हरवतो. म्हणून उपशीर्षकांसह किंवा भाषांतरित भाग पाहताना एखाद्या पात्राचा संशय अकारण वाटला, तर मूळ शब्द काय होता हे पाहिल्याशिवाय त्याला कच्चा दुवा म्हणू नये.

एखादी गोष्ट कथेतून काढून टाकून पाहणे ही आणखी एक परीक्षा, आणि ती कधी कधी आपल्यालाच तोंडघशी पाडते. रॉयलॉटच्या आवारात मोकळे फिरणारे चित्ता आणि बबून घ्या. दोन्ही प्राणी भारतातून आणवलेले, असे कथा सांगते. चित्ता ठीक आहे. कथा घडते त्या १८८३ साली तो भारतात होता, कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळत असत, आणि देशातून तो नाहीसा झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले. बबून मात्र आफ्रिकेतला आणि अरबस्तानातला, भारतातला नव्हेच. मला बरीच वर्षे हे दोन्ही प्राणी निव्वळ वातावरणनिर्मितीसाठी आणलेले वाटत होते. ते काढून पाहिले तेव्हा लक्षात आले की मुली रात्री खोलीला आतून कुलूप लावतात त्या या प्राण्यांच्या भीतीने. प्राणी नसतील तर बंद खोलीतला मृत्यूही राहत नाही. म्हणजे बबूनचा पत्ता चुकला आहे, पण त्याचे काम चुकलेले नाही. त्याच्या जागी अस्वल ठेवले असते तरी चालले असते. अशी चूक वहीत नोंदवावी आणि पुढे जावे.

काही शंका कथेनेच मिटवलेल्या असतात, त्या आपल्या यादीतून खोडाव्यात. साप पहिल्याच रात्री चावेल याची खात्री काय, हा प्रश्न मीही विचारला होता. त्यावर होम्स सांगतो की आठवडाभर तो चावणारही नाही, पण केव्हा तरी चावणारच. म्हणूनच ज्युलियाने आधीच्या काही रात्री शिट्टी ऐकलेली असते. झरोक्याचेही तसेच. बाहेरची हवा घेण्याऐवजी दोन खोल्यांच्या मध्ये झरोका पाडणारा गवंडी मूर्खच म्हणायचा, असा शेरा आपण मारण्यापूर्वी होम्सने मारलेला आहे. लेखकाने स्वतःच बोट ठेवलेली विसंगती हा पुरावा असतो, दोष नव्हे.

शेवटी, ‘हे खोटे दिसते’ आणि ‘हे खोटे आहे’ या दोन शेऱ्यांसाठी वहीत वेगळे रकाने ठेवावेत. पडद्यावरच्या सापाबद्दलचा शेरा तर नेहमी पहिल्याच रकान्यात जावा. डॉयल यांनी याच कथेचे नाटक केले आणि ते १९१० साली लंडनच्या ॲडेल्फी रंगमंदिरात आले, तेव्हा त्यांनी त्यात खराखुरा अजगराच्या जातीचा साप वापरला होता. एका समीक्षकाने नाटकावर टीका करताना लिहिले की ऐन कळसाच्या प्रसंगी आणलेला साप उघड उघड नकली होता.