मायक्रोवेव्हवर सेन्सर एरर येतोय? टेक्निशियनला बोलवायच्या आधी हे बघा

मायक्रोवेव्ह मधेच बीप बीप करून थांबला आणि डिस्प्लेवर कुठला तरी कोड आला की बरेच जण एकतर पुन्हा पुन्हा स्टार्ट दाबत बसतात नाहीतर थेट सर्व्हिस सेंटरला फोन लावतात. त्याआधी बघण्यासारखं बरंच असतं, आणि ते सगळं बाहेरूनच होतं. सेन्सर एरर आला म्हणजे सेन्सर गेलाच असं नसतं. सेन्सरकडून बोर्डाला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या आतल्या सर्किटला, जे रीडिंग मिळतंय ते बोर्डाला पटत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ, आणि त्यामागे साधा ओलावा किंवा साचलेला तेलकटपणाही असू शकतो.

पण आधी एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो, बाहेरचं पत्र्याचं कव्हर घरी उघडू नका. आतला ट्रान्सफॉर्मर साधारण २००० व्होल्ट तयार करतो आणि पुढे मॅग्नेट्रॉनपर्यंत (मायक्रोवेव्ह लहरी तयार करणारा भाग) जाताना ते ४००० च्या आसपास जातं, आणि आतला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून ठेवू शकतो. तो चार्ज उतरवायला एक रेझिस्टर असतो खरा, पण तोच गेलेला असेल तर बाहेरून काही कळत नाही. इतर उपकरणं उघडायची सवय असलेल्यांनी तर जास्तच जपावं, कारण मिक्सर किंवा इस्त्री उघडणं आणि हे उघडणं यात जिवाचा फरक आहे.

आता नक्की कुठला सेन्सर ते ओळखू. मायक्रोवेव्हमधे साधारण दोन प्रकार सापडतात. एक वाफेचा म्हणजे ह्युमिडिटी सेन्सर, हा ऑटो कुक किंवा सेन्सर रीहीट वापरताना अन्नातून निघालेली वाफ ओळखतो आणि त्यावरून किती वेळ बाकी ते ठरवतो, तो हवा बाहेर जाते त्या वाटेवर बसवलेला असतो. दुसरा तापमानाचा, म्हणजे थर्मिस्टर, कन्व्हेक्शनवाल्या (ओव्हनसारखं गरम हवेने भाजणाऱ्या) मॉडेलमधे आतल्या भिंतीत वरच्या बाजूला छोट्या धातूच्या टोकासारखा बऱ्याचदा दिसतो. कोडवरून कुठला ते कळतं, पण कोड प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, एकाचा एफ ३ म्हणजे दुसऱ्याचा एफ ३ नव्हे, म्हणून इंटरनेटवर नुसता कोड शोधू नका, आपल्या मॉडेल नंबरसकट शोधा नाहीतर मॅन्युअल काढा. मॉडेल नंबरचा स्टिकर मागे किंवा दार उघडल्यावर चौकटीवर असतो.

कोडपेक्षाही मला जास्त उपयोगी वाटतं ते म्हणजे एरर नेमका कधी येतो हे बघणं, आणि याच्याकडेच कुणी लक्ष देत नाही. प्लग लावल्या लावल्या, काही सुरू न करताच आला तर थर्मिस्टरचं सर्किट कुठेतरी तुटलंय किंवा शॉर्ट आहे, नाहीतर बोर्डाचीच भानगड आहे, तिथे साफसफाईने फारसा फरक पडत नाही. टायमर लावून साधं गरम करताना सगळं ठीक चालतं आणि फक्त ऑटो प्रोग्राममधेच एरर येतो, तर संशय वाफेच्या सेन्सरवर. आणि कन्व्हेक्शनवर दहा-पंधरा मिनिटं व्यवस्थित चालून मग येत असेल तर उष्णतेशी संबंध आहे, हवा बाहेर जात नाहीये, फॅन फिरत नाहीये किंवा वायरीचा जोड गरम झाला की सैल होतोय. हे तपासायला एक कप पाणी मायक्रोवेव्ह मोडवर फुल पॉवरला दोन मिनिटं ठेवून बघा. पाणी गरम झालं आणि एरर आला नाही म्हणजे मॅग्नेट्रॉनची बाजू चालतेय, दोष सेन्सरच्या बाजूलाच शोधायचा. रिकामा मात्र कधी चालवू नका, मॅग्नेट्रॉनला त्रास होतो.

मग रीसेट. बटण दाबून बंद करणं म्हणजे रीसेट नाही, प्लगच काढायचा आणि दहा मिनिटं तसाच राहू द्यायचा, कारण काही मॉडेलमधे एरर बोर्डात अडकून बसतो आणि पॉवर पूर्ण गेल्याशिवाय जात नाही. परत लावताना एक्स्टेन्शन बोर्डातून न लावता सरळ भिंतीच्या अर्थिंग असलेल्या सॉकेटमधे लावा. आणि प्लग लावल्यावर लगेच सेन्सर प्रोग्राम सुरू करू नका, दोन-तीन मिनिटं थांबा, वाफेच्या सेन्सरला स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो आणि घाई केली की तो चुकीचं वाचतो.

साफसफाईचं म्हणाल तर इथेच बऱ्याच केसेस सुटतात. एका भांड्यात पाणी घ्या, त्यात लाकडी चमचा ठेवा (नुसतं पाणी कधी कधी न उकळता खूप तापतं आणि हात लावला की एकदम उसळतं, चमच्याने ते टळतं), उकळू द्या आणि मग दार न उघडता पाच मिनिटं तसंच ठेवा. वाफेने चिकटलेलं सगळं सुटतं. मग प्लग काढून मऊ कापडाने आतलं छत, भिंती, दाराची कड आणि हवेच्या जाळ्या पुसा. थर्मिस्टरचं टोक दिसत असेल तर ते गार झाल्यावर अगदी हलक्या हाताने पुसायचं, खरवडायचं नाही, वाकवायचं नाही, त्यावर तेलकट थर बसला की तो तापमान उशिरा पकडतो. क्लीनर जाळीवर थेट फवारू नका, कापडावर घ्या, स्प्रेचा वास आणि वाफ सेन्सरला अन्नाच्या वाफेसारखीच वाटू शकते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुसून झालं की दार उघडं ठेवून किमान अर्धा तास नीट वाळू द्या, आत ओल राहिली तर वाफेचा सेन्सर सुरुवातीलाच गोंधळतो.

बाहेरूनही बघा. मागे, बाजूला आणि वर मॅन्युअलमधे दिलीये तेवढी मोकळी जागा आहे का, वर कापड किंवा डबे ठेवून जाळी बंद तर केली नाहीये ना. चालू असताना हवा बाहेर येते तिथे जरा अंतरावर हात धरा, हवा जाणवत नसेल तर फॅन बघायला हवा आणि तोवर वापर थांबवलेला बरा.

आता वापरण्याची पद्धत. सेन्सर प्रोग्रामवर अन्न झाकायचं पण वाफ जायला थोडी फट ठेवायची, घट्ट झाकलं तर वाफ सेन्सरपर्यंत पोचतच नाही आणि मशीन एकतर एरर देतं नाहीतर अन्न करपेपर्यंत चालत राहतं. मधेच दार उघडलं तर जमलेली वाफ निघून जाते, हिशोब चुकतो, म्हणून उरलेल्या वेळाचे आकडे डिस्प्लेवर दिसायला लागेपर्यंत दार बंद ठेवा. कन्व्हेक्शन वापरून आतला भाग तापलेला असेल तर आधी गार होऊ द्या.

एवढं करूनही एरर येत राहिला तर टेक्निशियन. वाफेचा सेन्सर बिघडलेला असेल तर तोवर साध्या टायमरवर वापरायला बहुतेक वेळा हरकत नसते, पण थर्मिस्टरचा एरर असेल तर कन्व्हेक्शन अजिबात वापरू नका, तापमान किती झालं हे मशीनला कळत नसतं. जळका वास, ठिणग्या किंवा दार नीट बसत नसेल तर प्लग काढूनच ठेवा.

आलेल्या माणसाला कोड, कुठल्या मोडवर, किती वेळाने हे सगळं सांगा, आणि एक विनंती नक्की करा की बोर्ड बदलायच्या आधी सेन्सर मल्टिमीटरवर मोजून दाखवा. थर्मिस्टर चांगला असेल तर गरम केल्यावर त्याचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) हळूहळू एकसारखा कमी होत जातो, मीटर अनंत दाखवत असेल तर तुटलाय, शून्याच्या जवळ दाखवत असेल तर शॉर्ट. त्याचबरोबर कनेक्टर काढून पिना काळ्या-हिरव्या पडल्यात का तेही बघायला सांगा, बरेचदा तो साफ करून घट्ट बसवला की काम होतं. सेन्सर बदलावाच लागला तर त्याच मॉडेलचा पार्ट नंबर जुळवूनच घ्या, दिसायला सारखा असला तरी रेझिस्टन्स वेगळा असेल तर तापमान चुकीचं दाखवेल किंवा तोच एरर परत येईल. वॉरंटी चालू असेल तर मात्र बाहेरच्या कुणाला कव्हरला हातच लावू देऊ नका, आधी कंपनीत तक्रार नोंदवा.