‘अमान्य’मधला अ

भाचीने परवा फोनवर विचारलं, "मावशी, निम्नश्रेणी लघुलेखकाला 100 ची स्पीड मागतात. क्लास लावू का? की आता याच्यात काही राहिलं नाही?" मी म्हटलं, लाव. फोन ठेवला आणि मग झोप येईना. जे सांगायचं तेच राहून गेलं होतं.

लघुलेखन म्हणजे बोललेलं खुणांनी झरझर उतरवून घेणं. मिनिटाला 80 शब्दांना लघुटंकलेखक, 100 ला निम्नश्रेणी, 120 ला उच्चश्रेणी, सोबत टायपिंगचं सर्टिफिकेट, हे तुम्ही जाहिरातीत वाचलं असेलच. परीक्षा परिषदेचा फॉर्म क्लासवाले भरून देतात. त्यावर मी शब्द घालवत नाही.

मी शिरूडची. चाळीसगाव-धुळे पॅसेंजरने क्लासला यायचे. धुळ्याच्या एका नंबरी गल्लीत वरच्या मजल्यावर क्लास होता, जिना चढतानाच मशीनची टकटक कानावर पडायची. मे महिन्यात मनगटाच्या घामाने शाई फुटायची, म्हणून हाताखाली टीपकागद. सर उताऱ्यावर दर पंचवीस शब्दांनी पेन्सिलीची तिरकी रेघ मारून ठेवायचे आणि 100 च्या डिक्टेशनला बरोबर पंधरा सेकंदांत त्या रेघेवर पोचायचे. आज पोरं मोबाईलवरचं 80 चं रेकॉर्डिंग सव्वापट पळवून 100 चा सराव करतात. मला ते पटत नाही. बोलणारा माणूस कुठे थांबतो, कुठे शब्द गिळतो, ते त्यात कळत नाही.

सर एकच गोष्ट रोज सांगायचे: आजच्या खुणा आजच साध्या मराठीत उतरवून काढा. मी काढत नव्हते. 80 पास झाल्यावर मला 100 ची घाई झाली. एकदा आजीने जुनी वही पुढे केली, वाच म्हणाली. मी दोन ओळींत अडले. "माय व, तुनं लिखेल तुलेच वाचता येत नही?" मला राग आला होता. आज वाटतं, तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

आता नीट ऐका. आपलं मराठी लघुलेखन पिटमन नावाच्या इंग्रजाच्या पद्धतीवर उभं आहे, ती 1837 ची. व्यंजनाला रेघ, स्वराला बारीकशी खूण. बारीक रेघेचा प, तीच दाबून काढली की ब. (म्हणून बॉलपेन नको. निब किंवा पेन्सिल.) वेग वाढला की स्वरांच्या खुणा सुटतात, सुटायलाच हव्यात, नाहीतर हात पोचत नाही. रेघ ओळीच्या वर आहे की ओळीवर, यावरून आणि संदर्भावरून शब्द लागतो. ‘बदली’ आणि ‘बादली’ची व्यंजनं एकच, पण आदेशात कोणी बादली वाचणार नाही. इथपर्यंत भीती नाही.

भीती आहे ती उलट अर्थाच्या शब्दांची. मान्य-अमान्य. पात्र-अपात्र. वैध-अवैध. नियमित-अनियमित. पुढचा अ सुटला की खाली उरलेली रेघ तीच, आणि वाक्यात दोन्ही शब्द सारखेच बसतात. इथे संदर्भ तुम्हाला वाचवत नाही. बोलणारा हा अ हळू उच्चारतो, तुम्ही मागच्या शब्दात अडकलेले असता, आणि खूण राहते.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी साहेबांनी एका कर्मचाऱ्याचा रजेचा प्रस्ताव अमान्य केला. मी ‘मान्य करण्यात येत आहे’ असं टाइप केलं. ढिगातल्या पत्रांवर सह्या झाल्या, पत्र गेलं. तो माणूस माझ्या टेबलाशी येऊन आभार मानून गेला. आठ दिवसांनी दुरुस्तीचं पत्र मीच टाइप केलं आणि मीच त्यांच्या हातात दिलं. ते काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुन्हा वाचत राहिले. साहेबांनी मेमो दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून नकाराच्या अ ची खूण मी कधी सोडली नाही. मागचा शब्द सुटला तरी चालेल, ही खूण नाही. अशा जोड्यांची एक वही करा, रोज दहा मिनिटं घोटा. आणि मनाने नवीन खुणा बनवू नका, परीक्षेत त्या आठवत नाहीत. पासची गॅरंटी देणाऱ्याकडे जाऊ नका. लिहिलेलं वाचून दाखवायला लावतो, तो गुरू.

नापास झालात तर घाबरू नका. 100 ला मी पहिल्यांदा पडले होते. हात तयार व्हायला वेळ लागतो, पण एकदा झाला की जात नाही. मशीनवर आम्ही पहिली वेलांटी आधी मारायचो, मग अक्षर. युनिकोडच्या कीबोर्डवर ती नंतर येते, तरी माझं बोट आजही आधी तिकडेच जातं. स्टेन्सिलवरची चूक लाल फ्लुइडने बुजवून तिच्यावर फुंकर घालायची, कार्बनच्या चौथ्या प्रतीवर अक्षर उमटावं म्हणून कळ जोरात दाबायची, हे सगळं गेलं. मला त्याची फार आठवण येते. आता फोनला सांगितलं की तो लिहितो. पण साहेब म्हणतात, "ते नको, वरचंच घ्या, शेवट जरा मऊ करा." फोन तेही लिहून ठेवतो.

भाचीला निबचं पेन घेऊन दिलंय. रविवारी ती येते, मी घड्याळ समोर ठेवून वाचते, सध्या 60 नेच. वाचून दाखवल्याशिवाय तिला पान उलटू देत नाही.